डावं बोलतंय, उजवं गप्प

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या त्या पायताण करणाऱ्यांच्या घराच्या कट्ट्यावर मी पायातली चप्पल काढली, कोऱ्या कागदावर उजवा पाय ठेवला आणि म्हटलं, "कापशी पाहिजे. जाड तळाचं. वाजणारं."

कारागीर वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे असतील. पेन्सिल हातात तशीच राहिली. "साहेबांस्नी आणायला पायजे हुतं मापाला."

"साहेबांना नकोय. मला पाहिजे."

"ताई, ह्ये बाप्यांचं पायताण हाय. तुमास्नी वेणीचं करून देतो की. हलकं, मऊ. साडीवर बी शोभतंय."

"साडीवरच घालणार आहे."

त्यांच्या पत्नी दारात बसून पट्ट्याची वेणी घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "द्या की करून. घालणार त्या, पैसं देणार त्या. तुमचं काय जातंय? मी सांगतो ताई, एकदा पायाला बसलं की दुसरं काय घालूशी वाटायचं न्हाई."

'मी सांगतो.' हे वाचून पुण्या-मुंबईकडचं कुणी चुकीची दुरुस्ती सुचवायला येईल, म्हणून आधीच सांगते. आमच्याकडं बायका असंच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी चाललो. एम.एस्सी.ला पुण्यात गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच दिवशी "मी आंघोळ करून आलो" म्हटलं आणि खोलीतल्या तिघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून माझ्या दोन भाषा झाल्या. लिहिताना आणि वर्गात 'आले-गेले', घरात 'आलो-गेलो'. ज्या गावात बायका क्रियापदं बाप्यांची वापरतात, तिथं पायताण वापरलं तर काय बिघडलं, असा माझा साधा हिशेब होता.

पण खरं कारण आवाज.

आमचं मूळ गाव कागल तालुक्यात, चिकोत्रेच्या खोऱ्यात. ज्या सेनापती कापशी गावावरून या कोल्हापुरी पायताणाला नाव पडलं, ते तिथून जवळच. माझे आजोबा आयुष्यभर कापशीच घालत आले. गूळ घेऊन कोल्हापुरात आले की कुस्ती असेल त्या दिवशी खासबागेत, नाहीतर थेट गावी परत. बोळाच्या तोंडाशी करकर सुरू व्हायची आणि घराचा नूर पालटायचा. सोप्यात पडलेले चुलते उठून बसायचे. वडील परड्यात जाऊन बिडी विझवायचे. चुलीपुढं आई आणि दोन्ही चुलत्या बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि तिघींचे पदर एकदमच डोक्यावर यायचे, कुणीतरी दोरी ओढल्यासारखे. माणूस अजून दारातही पोचलेला नसायचा. आजोबा रागीट नव्हते, खरंतर कमी बोलायचे. त्यांच्या वाटचं पायताणच बोलायचं.

आमच्या घरात सुनांनी मोठ्या माणसांसमोर पायात काही घालायचं नाही, अशी रीत होती. शेतातून येताना चौकातल्या पारावर सासरे बसलेले दिसले की आई चप्पल काढून हातात घ्यायची आणि पदराखाली धरून पुढं जायची. मी तिचं बोट धरून चालायची. माझ्या पायात चप्पल तशीच असायची, कारण मी नात. हा फरक कळायला बराच काळ गेला.

तर असा आवाज आपल्यालाही असावा, असं मला आठवीपासून वाटत होतं. पन्नाशी आली तेव्हा सुभाषनगरात गेले.

माप दोन्ही पायांचं घेतलं. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन सूत रुंद आहे, हे मला त्या कागदामुळं कळलं. एवढी वर्षं रेडिमेड चपलांनी दोन्ही पाय एकाच मापाचे म्हणून खपवले होते. तळाला म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवलेलं. हिरडा कधी चाखलात तर जीभ आखडते बघा. त्यातलं टॅनिन जिभेवरच्या लाळेतल्या प्रथिनांना जे करतं, तेच ते कातड्यातल्या प्रथिनांना करतं. त्यांना घट्ट बांधतं, म्हणून कातडं कुजत नाही. अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळं असल्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, माफी असावी.

थरावर थर ठेवून चामड्याच्याच वादीनं शिवण. खिळा एकही नाही. रापीनं कडा तासताना त्यांचा हात असा चालत होता की बघत बसावं. आणि एक गोष्ट मला माहीत नव्हती. वेणी, गोंडा, पट्ट्यावरचं बारीक काम, हे बरंचसं बायकांच्या हातचं. म्हणजे 'बाप्यांचं पायताण' निम्मंअर्धं बायकाच करतात. मी हे बोलून दाखवलं तर त्यांच्या पत्नी एवढंच म्हणाल्या, "मग?"

करकर कशानं येते, हे विचारलं. "तळात विंचू घाटलाय," ते म्हणाले. हा विंचू म्हणजे आवाजासाठी तळात घालतात ती वस्तू. ती कशी असते ते मात्र दाखवलं नाही, धंद्याचं आहे म्हणून हसण्यावारी नेलं. माझ्या परीनं मी समजून घेतलंय ते असं: दोन कोरडे पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर सरकतात तेव्हा ते सलग सरकत नाहीत. अडकतात, ताण वाढतो, सुटतात, परत अडकतात. सेकंदात शेकडो वेळा असं झालं की त्याचा आवाज होतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच होतं, आणि बिजागरी कुरकुरते तेव्हाही. म्हणजे आजोबांचा दरारा हा मुळात स्थिर आणि गतिक घर्षणातला फरक होता. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, मग तेल सोडायचं की." त्याचं बोलणं मी तेव्हा मनावर घ्यायला हवं होतं.

चहा झाला. त्यांच्या स्वयंपाकघरातला, स्टीलच्या पेल्यातला. तो पिताना आजोबांच्या वेळची एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्यांचं पायताण करणारे गावचेच होते, बलुत्यावर. सुगीला धान्य न्यायचे. माप घेताना आजोबांच्या पायाला त्यांचा हात चालायचा, पण प्यायला पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ओतणारी कधी कधी मीच असायचे. त्याच्या कितीतरी वर्षं आधी याच कोल्हापुरात शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात मुद्दाम जाऊन चहा घ्यायचे. कोल्हापूरपासून आमच्या सोप्यापर्यंत तो चहा काही पोचला नव्हता. आजोबांच्या आवाजाचं कौतुक लिहिताना हेही लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिलं.

मिलानचा विषय निघाला नसता तरच नवल. जून २०२५ मध्ये तिथं प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी पायताणं दिसली, आधी नाव घेतलं नाही, ओरड झाल्यावर घेतलं, मग जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. तेव्हापासून गिऱ्हाइकं मोबाइलवर फोटो दाखवून "असलं आहे का" विचारतात म्हणे. "आमचंच आमाला दाखवत्यात," इतकं बोलून त्यांनी आरी उचलली. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरला आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरला मिळून. यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकदा अर्धा तास भांडण झालं होतं. भांडणाऱ्या चौघांच्याही पायांत त्या वेळी स्पोर्ट्‌स शूज होते.

तीन आठवड्यांनी पायताण हातात आलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, जोडी सव्वा किलोला जरा कमी भरली. रंग कच्च्या गुळाचा. वास नव्या वहीचा आणि ओल्या सालीचा मिळून. देताना त्यांनी बजावलं, "पट्ट्याला आतनं बोटभर एरंडेल लावा. अंगठ्याला बी. तळाला थेंब न्हाई. तळ तेल प्यालं की गप बसतंय. आन् पावसात घालायचं न्हाई."

पहिल्या पावलाला करकर झाली तेव्हा मी एकटीच होते, तरी मागं वळून बघितलं.

नवं पायताण चावतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण कापशी चावत नाही, धरतं. दात लावून सोडून देत नाही. अंगठ्याची गोल वादी आतल्या बाजूनं कातडी घासते, कानाची, म्हणजे बाजूच्या चामडी पाकळीची, कड पावलाच्या हाडावर बसते, आणि तळ तर फळी. पायाखाली लवत नाही, पायानंच त्याच्याप्रमाणं पडायचं. शहाण्या माणसानं रात्री जेवणानंतर घरातल्या घरात पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, असं करत पंधरवड्यानं बाहेर पडावं. दोन दिवस मी तेच केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे रंकाळ्यावर गेले.

मिरवायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. जाताना छान वाटलं. संध्यामठाच्या बाजूला बसलेले दोन म्हातारे आवाजावरून वळले, कोण बाप्या आला म्हणून बघितलं आणि साडी दिसल्यावर दोघंही एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यासाठी पैसे वसूल झाले. मग निम्म्या वाटेवर उजव्या अंगठ्याला आग सुरू झाली. थांबून बघितलं तर रुपयाएवढा फोड, फुटलेला. पुढं काय करणार? पायताण काढलं, एकात एक घातलं आणि काखेत मारून अनवाणी निघाले. चालता चालता लक्षात आलं की आजोबा पावसाळ्यात चिखलातून असेच यायचे, पायताण काखेत. कातड्याला पाणी लागू नये म्हणून. पायाचं काय, तो धुता येतो.

मग आठ दिवस चिकटपट्टी, त्यावर जुन्या सुती साडीची चिंधी, त्यावर पायताण. घरात चालायचं ते फक्त स्वयंपाकघर ते गॅलरी. मुलगा खोलीतून ओरडायचा, "आई, ऑनलाइन मीटिंग चालू आहे!" नवऱ्यानं पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "हे किती दिवस?" पायाचं विचारतोय की आवाजाचं, कळलं नाही.

डाव्यानं दहाव्या-अकराव्या दिवशी हार मानली. वादी मऊ झाली, तळावर टाचेचा खळगा उमटायला लागला. उजवं मात्र अडून. आणि इथं माझा धीर सुटला. एरंडेल बोटभर, असं सांगितलेलं. मी खोबरेल तेलाची वाटी कोमट केली आणि उजव्याच्या पट्ट्याला, कानाला, अंगठ्याला ब्रशनं हात मोकळा सोडून लावली. तळाला लावलं नाही, हे शपथेवर सांगते. पण पट्ट्याची टोकं तळाच्या थरांमध्ये घालून शिवलेली असतात. दिव्याची वात तेल ओढते तसं रात्रभर पट्ट्यानं ते आत ओढून नेलं असणार. केशाकर्षण. हा धडा मी दरवर्षी शिकवते!

सकाळी पाय घातला. लोण्यासारखा गेला. चालले. डावं, कर्र. उजवं, काही नाही. परत चालले. कर्र, काही नाही. कर्र, काही नाही. लंगड्या माणसाचा आवाज ऐकल्यासारखं वाटत होतं, आणि लंगडत तर मी नव्हतेच.

सुभाषनगरात परत. त्यांनी उजवं हातात घेतलं, दोन्ही अंगठ्यांनी तळ वाकवला, कानाशी नेलं, मग नाकाशी. "पाजलंय."

"थोडंच लावलं होतं हो."

"थोडं? भजी तळून काढली असती एवढ्यात." मागून त्यांच्या पत्नींचं हसू. "आता काय न्हाई. सावलीत वाळू द्या, उन्हाळा येऊ द्या. बोललं तर बोललं." पैसे विचारले तर हात हलवला. चहा परत झाला.

तेव्हापासून मी अशीच चालते आहे, एका पायानं बोलत. कॉलेजच्या व्हरांड्यात गुळगुळीत फरशी आहे. चामड्याचा कोरा तळ तिच्यावर बर्फासारखा सटकतो. पहिल्या आठवड्यात जिन्यापाशी पडता पडता वाचले. म्हणून घराजवळच्या खडबडीत सिमेंटवर रोज दहा मिनिटं मुद्दाम पाय घासून तळ खरबरीत करून घेतला. आता बरं आहे. मी वर्गाच्या दोन दारं अलीकडं असते तेव्हाच आत शांतता होते. पदर कुणी घेत नाही, मोबाइल मात्र दप्तरात जातात.

अडचण आली ती फेब्रुवारीत, बारावीच्या परीक्षेच्या सुपरव्हिजनला. मी पाठमोरी कुठल्या ओळीत आहे हे पोरांना मान वर न करता कळत होतं. डाव्या पायाचा कर्र ऐकू येऊन मध्ये किती अंतर पडतं, यावरून मी येते आहे की जाते आहे हेही एकानं बसवलं होतं, असं नंतर कळलं. शिवाय जी बिचारी मनापासून लिहीत होती, त्यांनाही त्रास. दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर काढून अनवाणी फिरले. तिघांच्या चिठ्ठ्या सापडल्या. अंबाबाईला जाताना मात्र जुनी रबरी चप्पलच घालते. देवीवर विश्वास आहे, गर्दीवर नाही.

मार्च संपता संपता कोल्हापूर तापलं. तळावर आता माझं पाऊल पूर्ण उमटलंय. टाच, चवडा, पाच बोटं, उजव्याची करंगळी जरा बाहेर. रंगही बदलला, गुळावरून चिंचेकडं चाललाय. फोडाच्या जागी घट्टा पडला आहे, तो आता पायताणाचाच भाग समजते. उजवं अजून गप्प. अधूनमधून चढावर पूर्ण भार पडला की आत काहीतरी हलल्यासारखं वाटतं, इतकंच.

चैत्रात गावी गेले. एसटीतून उतरून बोळातून चालत निघाले. दुपारची वेळ, कुत्रीसुद्धा सावलीला. आई सोप्यात कॉटवर बसलेली असते. ब्याऐंशीची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी नजर तितकी नाही. दाराशी पोचले तर ती कॉटवरून उतरून उभी होती, आणि पदर डोक्यावर.

"आई, मी."

ती तशीच थांबली. मग पदर खाली ओढला आणि पहिली शिवीच आली. "अगं बया, तू व्हय! मला वाटलं मामंजीच आलं." मामंजी जाऊन एकतीस वर्षं झाली.

बसले, पाणी प्यायले. तिनं वाकून पायताण चाचपलं. वेणी, गोंडा, कडेची शिवण, सगळ्यावरून बोटं फिरवली. किंमत विचारली. बाराशे सांगितले. तरी म्हणाली, "याड लागलंय तुला." मग बराच वेळ कुणाच्या तरी लग्नाचं, पाण्याच्या मोटारीचं, चुलतभावाच्या बांधाचं बोलत राहिली. मी चहा टाकायला आत गेले.

आधण येतंय तोवर बाहेरून आवाज आला. कर्र.

डोकावून बघितलं. खांबाला धरून ती उभी होती, माझं कापशी पायात. तिच्या पावलाला ते दोन बोटं मोठं. उंबऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. एक पाऊल कर्र, एक पाऊल नुसतं. एक कर्र, एक नुसतं.

"लई जड हाय की गं," ती म्हणाली. आणखी एक फेरी मारली. "आन् ह्ये दुसरं का बोलंना?"

"तेल जास्त झालं."

"मग ठेव की उनात," म्हणाली आणि पायातलं न काढताच कॉटवर बसली.